जोडीदार



अमेरिकन फुटबॉल आपल्या नांदेड-लातूरकडे फारसा कुणी पाहत नाही. चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. चढाई करणाऱ्या संघात अकरा जण असतात. त्यातले पाच जण अगदी पुढच्या फळीत, खांद्याला खांदा लावून उभे राहतात. त्यांना ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणतात. वजन साधारण एकशे चाळीस किलो. मधला गडी चेंडू मागे देतो, तेवढाच काय तो या पाच जणांचा चेंडूशी संबंध. त्यानंतर समोरून धावून येणाऱ्या तितक्याच दांडग्या गड्यांना दोन-तीन सेकंद थोपवून धरायचं. तेवढ्या वेळात मागे उभा असलेला क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, दुसरा कुणी झेलतो, आणि टाळ्या त्या दोघांना मिळतात. किती यार्ड पळाला, किती चेंडू झेलले, सगळ्याची नोंद होते. या पाच जणांचं नाव मात्र बहुधा त्यांच्या हातून गडी निसटला तरच घेतलं जातं.

ही कुस्तीच आहे, असं मला वाटतं. कंबर खाली ठेवायची, पाय रोवायचे, समोरच्याच्या हाताचा कब्जा घ्यायचा, त्याचा जोर अंगावर पेलायचा. आणि खरोखरच एक पैलवान त्या फळीत जाऊन उभा राहिला होता. स्टीफन नील त्याचं नाव. १९९९ साली त्याने अमेरिकेच्या विद्यापीठ कुस्तीच्या अंतिम फेरीत ब्रॉक लेस्नरला हरवलं, आणि त्याच वर्षी अंकारात तो जागतिक विजेता झाला. कॉलेजात असताना तो फुटबॉल खेळलाच नव्हता. तरी २००१ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाने त्याला घेतलं. पुढे अनेक वर्षं टॉम ब्रेडी नावाच्या जगप्रसिद्ध क्वार्टरबॅकच्या पुढे तो त्या फळीतला गार्ड म्हणून उभा होता. ब्रेडीचं नाव ठाऊक असणारे शेकडो लोक भेटतील, नीलचं नाव ठाऊक असणारा एखादाच. जागतिक अजिंक्यपद मिळवलेल्या माणसाने दुसऱ्याच्या रक्षणाचं काम पत्करलं, आणि ते आयुष्याचं काम मानून केलं. मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

त्याच फळीतला दुसरा गडी जो थॉमस. क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाकडून २००७ पासून तो खेळला. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत हा संघ एकदाही बाद फेरीपर्यंत पोचला नाही. तरीही थॉमस लागोपाठ १०,३६३ डावांत एकही डाव न चुकवता मैदानात उभा होता. २०१७ च्या ऑक्टोबरात दंडाचा स्नायू फाटला, तेव्हाच तो थांबला. हरणाऱ्या संघासाठी इतकी वर्षं पाय रोवून राहणं, याला काय म्हणावं! २०२३ मध्ये त्या खेळाच्या मानाच्या दालनात त्याला जागा मिळाली.

या कामाची किंमत अंगावर मोजावी लागते, तेही सांगितलं पाहिजे. याच फळीत खेळणारा पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेबस्टर चार वेळा विजेत्या संघात होता. २००२ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो गेला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांनी झालेली इजा त्यात दिसली, आणि तिथून त्या खेळातल्या डोक्याच्या दुखापतींची चर्चा साऱ्या जगात सुरू झाली.

आता आपल्या मातीकडे येऊ. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत आपण कुस्त्या पाहतो. हलगी कडाडते, जिंकलेला पैलवान खांद्यावर बसून आखाड्याला फेरी मारतो. पण त्याला तयार करायला तालमीत रोज कुणीतरी अंगावर घेतलेलं असतं. पहाटे लाल मातीत त्याच्याशी झटलेला, त्याचा डाव पक्का व्हावा म्हणून शंभर वेळा पाठीवर पडलेला तो जोडीदार. आणि त्या दोघांवर नजर ठेवून असलेले वस्ताद.

निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, म्हणजे साऱ्या कुस्तीक्षेत्राचे बिराजदार मामा. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत ते घडले. १९६९ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूरलाच भरली होती. ती गदा त्यांनी आपल्या माणसांसमोर जिंकली. पुढे ते रुस्तुम-ए-हिंद झाले. १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालला त्यांनी हरवलं, त्या कुस्तीच्या गोष्टी आजही गावोगावी पारावर सांगितल्या जातात. एवढ्यावरच मामा थांबले असते तरी त्यांचं नाव राहिलं असतं.

पण माझ्या मते मामांचं मोठं काम त्यानंतरचं आहे. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. खेड्यातून, कोरडवाहू घरातून आलेली पोरं. दूध-तुपाचा आणि बदामाचा खुराक परवडत नाही अशा घरातली पोरं त्यांच्याकडे यायची. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांचाच चेला. १४ सप्टेंबर २०११ रोजी मामा गेले. राहुलने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकलं आणि ते मामांना अर्पण केलं. पुढच्याच वर्षी नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक आणलं. योग असा, की ज्या सतपालशी मामा लढले तेही पुढे दिल्लीत वस्ताद झाले, आणि त्यांच्या हाताखाली सुशीलकुमारने दोन ऑलिंपिक पदकं मिळवली. आखाड्यात समोरासमोर उभे राहिलेले दोघेही शेवटी दुसऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले.

मामांनंतर राहुलला आधार दिला तो काका पवारांनी. तेही लातूरचे, साई गावचे, अर्जुन पुरस्काराचे मानकरी. पुण्यात त्यांचं कुस्ती संकुल आहे. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली, तेव्हा समोरासमोर आले नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि आपल्या लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे चेले, एकाच तालमीत एकमेकांशी सराव केलेले. एकमेकांचा प्रत्येक डाव दोघांनाही पाठ. हर्षवर्धन ३-२ असा थोडक्यात जिंकला, आणि जिंकताच त्याने शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. ही गदा आपल्या एकट्याची नाही, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

अमेरिकेत आता ही जाण पैशातही उतरली आहे. क्वार्टरबॅकची पाठ राखणाऱ्या, त्या फळीतल्या टॅकल नावाच्या गड्याला संघातल्या सर्वाधिक मोबदल्यांपैकी एक मोबदला मिळतो. आपल्याकडे इनामाची रक्कम विजेत्याच्या हाती पडते. जोडीदाराचा गुडघा गेला, कान फुटला, खांदा निखळला, तर तो गुपचूप गावी परततो, रानात कामाला लागतो. त्याच्या उपचाराची तजवीज कुठल्या यात्रा समितीने केलेली माझ्या ऐकण्यात नाही.

म्हणून माळेगाव, सिद्धेश्वर आणि गावोगावच्या यात्रा समित्यांना या आकाशवाणीवरून माझी विनंती आहे. मोठ्या कुस्तीच्या इनामातला काही हिस्सा पैलवानाच्या तालमीतल्या जोडीदारांसाठी वेगळा काढा आणि तो वस्तादांच्या हाती द्या. आणि निवेदकांनो, लाउडस्पीकरवर पैलवानाचं, गावाचं, तालमीचं नाव तुम्ही घेताच. त्याच दमात त्याच्याशी रोज झटणाऱ्या पोरांची नावंही घ्या. तालमीतून चिठ्ठी मागवलीत तर ती नावं तुम्हाला सहज मिळतील.