एलिनॉर मार्क्स : दोन तारखांमधील एक आयुष्य
(स्मृतिदिनाच्या सभेत केलेले भाषण)

कॉम्रेड्स,

३१ मार्च १८८९ रोजी पूर्व लंडनमध्ये गॅस कामगारांच्या संघटनेची स्थापना झाली. बरोबर नऊ वर्षांनी, ३१ मार्च १८९८ रोजी, त्याच संघटनेच्या एक आघाडीच्या कार्यकर्त्या एलिनॉर मार्क्स यांनी लंडनमधील राहत्या घरी आपल्या जीवनाचा अंत केला. त्यांचे वय अवघे ४३ वर्षांचे होते. या दोन तारखांपैकी दुसरीच अधिक सांगितली जाते. मार्क्सची धाकटी मुलगी आणि एक फसवली गेलेली स्त्री, एवढ्यावरच त्यांची ओळख संपविली जाते. पहिल्या तारखेला तिचे स्थान परत मिळवून देणे, हे आजच्या सभेचे काम आहे.

१६ जानेवारी १८५५ रोजी लंडनच्या सोहो भागात, निर्वासितांच्या दारिद्र्यात त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. खरी शाळा घरातच भरली. पुढे भाषांतर, टंकलेखन आणि शिकवण्या यांवर त्यांनी उपजीविका केली. पॅरिस कम्यूनचा लिसागारे यांनी लिहिलेला इतिहास त्यांनी इंग्रजीत आणला. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ १८८६ मध्ये इंग्रजी वाचकांच्या हाती दिली. इब्सेनची नाटके भाषांतरित करता यावीत म्हणून त्या नॉर्वेजियन भाषा शिकल्या; आणि पूर्व लंडनमधील ज्यू कामगारांशी त्यांच्याच बोलीत बोलता यावे म्हणून यिडिश. आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदांत एका देशाच्या कामगाराचे म्हणणे दुसऱ्या देशाच्या कामगाराला समजावून देणारा आवाज अनेकदा त्यांचाच असे.

गॅस कारखान्यांतील भट्ट्यांपुढे कामगार त्या काळी बारा बारा तास राबत. त्यांचे पुढारी विल थॉर्न वयाच्या सहाव्या वर्षापासून मजुरी करीत आलेले. लेखनवाचनाची संधी त्यांना मिळालीच नव्हती. त्यांना लिहिण्यावाचण्यात तरबेज करण्याचे आणि संघटनेचा पत्रव्यवहार व हिशेब सांभाळण्याचे काम एलिनॉर यांनी केले. आठ तासांची मागणी संघटनेने त्याच वर्षी, संप न करता, पदरात पाडून घेतली. त्याच वर्षी सिल्व्हरटाऊनमधील रबर कारखान्याचा संप मात्र अयशस्वी झाला. परंतु त्या संपातूनच स्त्री कामगारांची शाखा उभी राहिली आणि एलिनॉर तिच्या चिटणीस झाल्या. ४ मे १८९० रोजी हाइड पार्कमध्ये आठ तासांच्या दिवसासाठी जो विराट मेळावा भरला, त्यातही त्यांनी भाषण केले.

कॉम्रेड्स, पत्रे लिहिणे, इतिवृत्त ठेवणे, भाषांतर करणे, साक्षरतेचे वर्ग घेणे ही कामे चळवळीत दुय्यम समजली जातात आणि बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येतात. एलिनॉर यांचे जीवन सांगते की, या कामांवाचून संघटना उभीच राहत नाही. कामगाराला आपली मागणी स्वतःच्या हाताने लिहिता आली, की त्याच्या वतीने बोलणाऱ्या मध्यस्थाची गरज संपते.

आता दुसऱ्या तारखेविषयी. एडवर्ड एव्हलिंग यांच्याबरोबर १८८४ पासून त्यांनी विवाहाविना सहजीवन पत्करले होते. स्त्रीप्रश्न हा समाजाच्या आर्थिक रचनेचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन दोघांनी १८८६ मध्ये मिळून केले. त्याच एव्हलिंग यांनी जून १८९७ मध्ये दुसऱ्या स्त्रीशी गुप्तपणे विवाह केला. पुढच्या वर्षी शस्त्रक्रियेनंतर त्यांची शुश्रूषा केली ती मात्र एलिनॉर यांनीच. एव्हलिंग यांचे पैशाचे बेजबाबदार व्यवहार चळवळीतील अनेकांना ठाऊक होते. सभेत समतेवर बोलणारा कार्यकर्ता घरात कसा वागतो, याला खाजगी बाब म्हणून डोळे मिटण्याची किंमत एखाद्या स्त्रीला आपल्या आयुष्याने मोजावी लागते. हा धडा प्रत्येक शाखेने आपल्या घरापासून गिरवावयाचा आहे.

एलिनॉर यांची रक्षा अनेक दशके डाव्या संघटनांच्या कार्यालयांत सांभाळली गेली आणि १९५६ मध्ये हायगेट येथील मार्क्स कुटुंबाच्या समाधीत विसावली. त्यांनी घडविलेली संघटना मात्र कबरीत गेली नाही. अनेक संघटनांच्या विलीनीकरणातून ती वाढली आणि आज ब्रिटनमधील मोठ्या कामगार संघटनांपैकी एकीत तिचा वारसा नांदतो आहे. ३१ मार्च हा दिवस त्या संघटनेचाही जन्मदिवस आहे, हे ध्यानात ठेवूनच एलिनॉर मार्क्स यांना अभिवादन करू या.