आकाश मोकळं होतं, वाफसा नव्हता

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही व्याख्याता नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्यातली चार वर्षं कंपनीनं मला अमेरिकेत, मेरिलँड राज्यात पाठवलं होतं. संयोजक म्हणाले, "तिथं तुम्ही रॉकेट उडवायचात ना, त्यावर बोला. पोरांना आवडेल." मी म्हटलं, बोलतो. पण रॉकेट कसं उडालं याची गोष्ट मी सांगणार नाही. माझं रॉकेट का उडालं नाही, याची सांगणार आहे.

आधी हे रॉकेट म्हणजे काय ते सांगतो. दिवाळीत बाटलीत ठेवून उडवतो ते नव्हे आणि इस्रोचंही नव्हे. पुठ्ठ्याची नळी, हलक्या बाल्सा लाकडाचे पंख, प्लास्टिकचं टोक आणि खाली घन इंधनाची मोटर. ही मोटर कारखान्यातच भरून येते, घरी दारू भरायला सक्त मनाई. पेटवायचं तेही लांबून, विजेच्या तारेनं, मोठ्यानं उलटी मोजणी करून. रॉकेट वर गेलं की मोटरमधला छोटा बार टोक ढकलतो, आतलं पॅराशूट उघडतं आणि रॉकेट अलगद खाली येतं. नवी मोटर घातली की पुन्हा उडवायला तयार. अमेरिकेत हा छंद 1950च्या दशकात सुरू झाला. त्यांची राष्ट्रीय संघटना 1957 सालची आहे. मोटरींना ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला ताकदीची मर्यादा दुप्पट होते. एच अक्षरापासून पुढे प्रमाणपत्र लागतं. ते परीक्षकांसमोर रॉकेट उडवून, ते धडधाकट परत आणून मिळवायचं.

आमचा क्लब ईस्टर्न शोअर नावाच्या भागात रॉकेटं उडवायचा. सपाट प्रदेश, मका-सोयाबीनची मोठमोठी शेतं. याच द्वीपकल्पावर दक्षिणेला, व्हर्जिनिया राज्याच्या हद्दीत, नासाचं वॉलॉप्स केंद्र आहे. हे नाव तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. थुंबाहून 21 नोव्हेंबर 1963 रोजी भारतातलं पहिलं रॉकेट उडालं, त्याच्या आधी डॉ. अब्दुल कलाम प्रशिक्षणासाठी तिथं गेले होते. टिपू सुलतानाच्या सैन्याची रॉकेटं दाखवणारं चित्र त्यांनी तिथल्याच स्वागतकक्षात पाहिलं. ही आठवण आपल्याकडे बऱ्याचदा सांगितली जाते. थुंबाच्या त्या उड्डाणात कलामांकडे काम कोणतं होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. रॉकेटची जोडणी आणि सुरक्षितता. म्हणजे गरज पडली तर 'थांबा' म्हणायचं काम.

आता हवामानाकडे येतो. उड्डाणाचा दिवस शनिवार असला, तर आमची झोप सोमवारपासून उडायची. जो तो मोबाईलवर अंदाज बघत बसायचा.

पहिली काळजी वाऱ्याची. नियम असा की वारा ताशी 20 मैलांच्या, म्हणजे 32 किलोमीटरच्या वर गेला की उड्डाण बंद. साधं गणित करा. रॉकेट 300 मीटर वर गेलं आणि पॅराशूटवर सेकंदाला 5 मीटर वेगानं खाली येतंय. म्हणजे ते एक मिनिट हवेत आहे. वारा ताशी 16 किलोमीटर असला, तर तेवढ्या वेळात ते पावणेतीनशे मीटर वाहत जातं. वारा दुप्पट झाला की अर्धा किलोमीटरच्या वर. हजार मीटर उंच गेलं असेल तर साध्या वाऱ्यातही 900 मीटर लांब. मग ते झाडावर अडकतं, विजेच्या तारांवर पडतं किंवा कुणाच्या तरी शेतात. शिवाय पंख असलेलं रॉकेट निघताना वाऱ्याकडे तोंड वळवतं, त्यामुळे सरळ न जाता तिरकं जातं.

दुसरी काळजी ढगांची. ढगात रॉकेट घुसवायचं नाही, हा तिथल्या विमान खात्याचा कायदा. कारण ढगापलीकडे विमान आहे की नाही हे आपल्याला दिसत नाही. मोठ्या रॉकेटांसाठी तर त्या उंचीवर अर्ध्याहून जास्त आकाश ढगाळ नको आणि निदान 5 मैलांपर्यंत स्वच्छ दिसायला हवं. तिसरी काळजी थंडी आणि दमटपणाची. पुठ्ठा फुगतो, टोक नळीत घट्ट बसतं. घडी घातलेलं पॅराशूट थंडीत चिकटून राहतं, म्हणून त्याला टाल्कम पावडर लावायची. पोरांना आपण लावतो तीच.

हे सगळं आकाशाचं झालं. मी ज्यात फसलो, ती गोष्ट जमिनीची आहे.

एका फेब्रुवारीत आमचं उड्डाण होतं. सकाळी तापमान शून्याच्या खाली, जमीन दगडासारखी टणक. गाड्या थेट शेतात घेतल्या. गाड्या लावून घ्यायला हातात झेंडा घेऊन मीच उभा होतो. 'या, या, अजून पुढे या' म्हणत 30-35 गाड्या आत घेतल्या. दुपारी ऊन तापलं आणि गोठलेली जमीन सुटली. वरची चार बोटं वितळली, पण खालचा थर अजून गोठलेला, म्हणून पाणी खाली मुरेना. तासाभरात नुसता चिखल. संध्याकाळी गाड्या निघेनात. चाकं जागच्या जागी फिरत होती आणि खोल जात होती. शेवटी ज्यांचं शेत होतं ते शेतकरी स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आले आणि एकेक गाडी ओढून काढली. माझीही.

ते गृहस्थ साठीचे होते. आमच्याकडून एक डॉलर भाडं घ्यायचे नाहीत. पोरं काहीतरी शिकतात एवढ्यावर त्यांनी शेत दिलं होतं. ते चिडले नाहीत. गाड्या गेल्यावर त्या चाकोऱ्यांतून चालत राहिले, एका चाकोरीत पाय ठेवून बघितला, घोट्यापर्यंत गेला. त्या पट्ट्यात गहू होता. ते एवढंच म्हणाले की चाकाखाली दबलेल्या जमिनीत मूळ जात नाही, पाणीही मुरत नाही, आणि हे एका हंगामात भरून निघत नाही. क्लबनं पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. "पुढच्या वेळी येण्याआधी जमीन बघा," म्हणाले.

मित्रांनो, मी बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा आहे. चार एकर काळी जमीन. पाऊस झाला की अब्बा आम्हाला शेतात पाऊल टाकू द्यायचे नाहीत. वाफसा येऊ दे, म्हणायचे. वाफसा हा शब्द तुमच्यातल्या शहरी मुलांसाठी सांगतो. पावसानंतर जमिनीतलं जादा पाणी मुरून जातं, मातीत ओलही राहते आणि हवाही खेळते, ती अवस्था म्हणजे वाफसा. तो आल्याशिवाय पेरणी नाही, पाळी नाही, बैल नाही, ट्रॅक्टर नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी परदेशात हातात झेंडा घेतल्यावर मी ते विसरलो.

पुढचं उड्डाण मार्चच्या शेवटच्या शनिवारी होतं. मी शेताच्या सर्वांत जवळ राहत होतो, म्हणून जमीन बघायचं काम माझ्याकडे आलं. बुधवारी आणि गुरुवारी पाऊस पडला. शनिवारचा अंदाज मात्र सुरेख. ऊन, वारा ताशी 13 किलोमीटर, ढग नाहीत. सगळे खूश. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट शेतावर गेलो. वरून माती कोरडी दिसत होती. टाच रोवली तर आत गेली. मूठभर माती काढून दाबली, गोळा झाला. खाली टाकला, फुटला नाही.

रात्री दहाला घरी फोन केला. आपल्याकडे सकाळचे साडेसात. मी म्हटलं, "अब्बा, उद्या ऊन आहे, दुपारपर्यंत वाळेल ना?"

ते म्हणाले, "गोळा फुटतो का?"

"नाही."

"मग वाफसा नाही, बेटा. शेत कुणाचं आहे?"

"दुसऱ्याचं."

"मग मला विचारतोस काय?"

त्यानंतर आम्हा सहा जणांची फोनवर बैठक झाली. खूप ओढाताण झाली. मोठ्या रॉकेटांच्या परवानगीसाठी विमान खात्याकडे किमान 45 दिवस आधी अर्ज करावा लागतो, त्यामुळे तारीख सहज मिळत नाही. दोन राज्यांतून लोक निघायच्या तयारीत होते. शाळेच्या मुलांचा एक संघ येणार होता. अमेरिकेत सहावी ते बारावीच्या मुलांची रॉकेट स्पर्धा असते. कच्चं अंडं रॉकेटमध्ये घालून ठरलेल्या उंचीवर न्यायचं आणि ठरलेल्या वेळात न फोडता खाली आणायचं. त्या उड्डाणांचे आकडे एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत पाठवायचे असतात. त्या मुलांसाठी ही शेवटची संधी होती. आणि मी स्वतः सगळा हिवाळा खपून चार फुटी रॉकेट केलं होतं. माझ्या प्रमाणपत्राचं उड्डाण त्याच शनिवारी होतं.

एक जण मला म्हणाला, "नुकसान होईलच, हे तू सिद्ध करू शकतोस का?" मी गप्प झालो. सिद्ध कसं करणार? मग मला चॅलेंजर आठवलं. 28 जानेवारी 1986. चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं आणि सात अंतराळवीर गेले. आदल्या रात्री फोनवरच बैठक झाली होती. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत कडक होते, 53 अंश फॅरेनहाइटच्या खाली, म्हणजे सुमारे 12 अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका, असं कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितलं होतं. एरवी 'उडवणं सुरक्षित आहे' हे सिद्ध करावं लागायचं. त्या रात्री 'उडवणं धोक्याचं आहे' हे सिद्ध करा, असा उलटा भार इंजिनिअरांवर पडला. त्यांना पक्का पुरावा देता आला नाही आणि वरिष्ठांनी होकार दिला.

कुठे सात माणसांचे जीव आणि कुठे गव्हाचा एक पट्टा, तुलना होत नाही. पण प्रश्न त्याच पद्धतीनं उलटा केला गेला होता. मी म्हटलं, "सिद्ध मला करता येणार नाही. पण शेत आपलं नाही. शेताला काही होणार नाही, हे तुम्ही सिद्ध करा." त्यावर कुणी बोललं नाही.

निर्णय असा झाला. एकही गाडी शेतात जाणार नाही. कोठाराजवळच्या खडीच्या रस्त्यावर गाड्या लावायच्या आणि अर्धा किलोमीटर बांधाच्या कडेनं चालत जायचं. हातात उचलून नेता येईल तेवढंच सामान. मुलांची अंड्याची रॉकेटं उडतील, कारण त्यांना हलका सांगाडा पुरतो. मोठी रॉकेटं नाहीत, कारण त्यांचे लोखंडी सांगाडे ट्रेलरशिवाय हलत नाहीत. माझं रॉकेट मोठ्यांत होतं.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. आकाश इतकं निळं की आपला निर्णय चुकला असं वाटावं. निरोप न मिळाल्यामुळे काही जण तीन तास गाडी चालवून आले होते. ते माझ्यावर चिडले, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. निरोप आधी जायला हवा होता, ती आमची चूक. जमीन आम्ही बुधवारीच बघायला हवी होती. मुलांनी मात्र बॅटरी, तारा, सांगाडे सगळं खांद्यावरून नेलं. बूट चिखलानं जड झाले होते. तीन उड्डाणं झाली. दोनदा अंडं शाबूत आलं, एकदा फुटलं. अंतिम फेरीला देशभरातले पहिले 100 संघ जातात. आमच्या मुलांचा नंबर त्यात लागला नाही. त्यांची कर्णधार मुलगी हिरमुसली. मी तिची समजूत काढली नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

एप्रिलचं उड्डाण वाऱ्यामुळे रद्द झालं आणि मे महिन्यात मी भारतात परतलो. माझं रॉकेट मोटरशिवाय सामानातून आणलं, सध्या घरी कपाटावर आहे. त्या शेतात क्लब अजूनही उडवतो. मुलांचे नवे संघ तिथं येतात, फोटो पाठवतात.

कामात आम्ही सॉफ्टवेअरवाले शुक्रवारी संध्याकाळी नवा कोड चालू करत नाही. बिघडलं तर शनिवारी दुरुस्त करायला कुणी नसतं. तरी कोड निदान मागे घेता येतो. सुटलेलं रॉकेट मागे घेता येत नाही आणि दबलेली जमीन एका रात्रीत मोकळी होत नाही. म्हणून तुम्हीही कुठला बेत आखाल, तेव्हा तो कुणाच्या जमिनीवर उभा आहे हे आधी बघा. 'आज नको' म्हणणारा एक माणूस नेमून ठेवा आणि तो तसं म्हणाला, तर त्याच्याकडे पुरावा मागू नका.

आता शेवटचं. दुपारी आपण पाण्याची रॉकेटं उडवणार आहोत. प्लास्टिकची बाटली, तिसरा हिस्सा पाणी आणि सायकलचा पंप. दारूगोळा काही नाही. पण काल रात्री इथं पाऊस झालाय आणि समोरचं मैदान शाळेचं आहे, सोमवारी पोरांना तिथं खेळायचंय. जेवणाआधी दोघं-तिघं माझ्याबरोबर चला. माती हातात घेऊन बघू. गोळा फुटला तर मैदानात, नाही तर इथंच फरशीच्या अंगणात.