टेसी थॉमस : एका स्त्री-अभियंत्याची वाटचाल



केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतभूमीवरील पहिला अग्निबाण आकाशात झेपावला. त्याच वर्षी, त्याच राज्यातील अलप्पुळा येथे टेसी थॉमस यांचा जन्म झाला. पुढे देशातील क्षेपणास्त्र प्रकल्पाची धुरा वाहणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली.

त्रिशूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्या पुण्यास आल्या आणि तेथील शस्त्रास्त्र तंत्रविज्ञान संस्थेत त्यांनी क्षेपणास्त्रशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. या वाटचालीतील एक महत्त्वाचा टप्पा असा महाराष्ट्रात पार पडला. १९८८ साली त्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेत दाखल झाल्या व हैदराबाद येथे 'अग्नी' मालिकेच्या कामात गुंतल्या.

क्षेपणास्त्र हे कोणा एका शास्त्राचे अपत्य नव्हे. इंधन, दिशादर्शक उपकरणे, संगणक, उष्णतारोधक कवच ही प्रत्येक बाब निरनिराळ्या तज्ज्ञांच्या हाती असते. एका भागाचे वजन वाढले की पल्ला घटतो. एका उपकरणाने चुकीचा संदेश दिला की सारे उड्डाण भरकटते. वातावरणात परतताना बाह्य कवचास सुमारे ३,००० अंश सेल्सिअस तापमान सोसावे लागते. आतील उपकरणे मात्र सुरक्षित राहिली पाहिजेत. या सर्वांचा मेळ घालणे हेच प्रणाली-अभियंत्याचे कार्य होय.

या कार्याची खरी कसोटी अपयशात लागते. १० डिसेंबर २०१० रोजी 'अग्नी-२ प्राइम'चे उड्डाण फसले आणि क्षेपणास्त्र बंगालच्या उपसागरात कोसळले. दोषांचा शोध घेऊन प्रत्येक भाग पुन्हा तपासण्यात आला. वर्ष पूर्ण होण्याच्या आतच, १५ नोव्हेंबर २०११ रोजी, त्याच क्षेपणास्त्राने 'अग्नी-४' या नावाने ओडिशाच्या किनाऱ्यावरून यशस्वी झेप घेतली. प्रकल्प संचालक होत्या टेसी थॉमस. पुढे २०१८ साली त्यांच्याकडे वैमानिकी प्रणाली विभागाचे महासंचालकपद आले.

गणितात रमणारी मुलगी आज गावोगावच्या शाळांतून आढळते. सातवी-आठवीनंतर तिची शाळा सुटू नये, याची काळजी शिक्षकांनी वाहावी. तिच्या जाण्यायेण्याची व वसतिगृहाची सोय पंचायतींनी पाहावी. पुण्याच्या संस्थेपर्यंत पोहोचणारी वाट गावच्या शाळेतूनच सुरू होते.