एक तळे आणि चार शास्त्रे

(विद्यार्थ्यांच्या अभ्यासमंडळापुढे दिलेल्या भाषणाचा सारांश)



सामाजिक न्यायाचा अभ्यास विद्यापीठाने कोणत्या विभागाकडे सोपवावा? कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र या प्रत्येकाचा दावा खरा आहे, आणि प्रत्येकाचा अपुरा आहे. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास याची साक्ष देतो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केले. कागदावर प्रश्न सुटला! परंतु २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य समाज तळ्यावर जाऊन पाणी प्याला, तेव्हा परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि मागाहून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. ठराव निर्जीव का राहिला, याचे उत्तर कायद्याच्या ग्रंथात नाही. ते विटाळाच्या कल्पनेत, म्हणजे समाजशास्त्राच्या प्रांतात आहे. ज्याचे पोट गावाने दिलेल्या बलुत्यावर, तो कायद्याने दिलेला हक्क बजावण्यास का कचरतो, हे अर्थशास्त्र सांगते. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा निकाल फिरला तो इतिहासावर. बंदीची रूढी अनादि काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. एका तळ्याच्या पाण्यासाठी १० वर्षे आणि चार शास्त्रे लागली.

या लढ्याच्या नेत्याचे शिक्षणही असेच झाले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास केला. जातिसंस्थेवरील त्यांचा निबंध १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचला गेला. मात्र त्यांचा पाया अर्थशास्त्राचा होता. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला लंडन विद्यापीठाने डी. एस्सी. दिली. अनेक शास्त्रांत संचार करणाऱ्याचा पाय एका तरी शास्त्रात घट्ट रोवलेला असावा लागतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. त्याचे स्वागतच व्हावे. पण चार विषयांची थोडी थोडी व्याख्याने एकत्र केल्याने न्यायाचा अभ्यास होत नाही. त्याचा आरंभ प्रश्नापासून व्हावा लागतो. न्यायालयाचा निकाल, मजुरीचा हिशेब आणि पाणवठ्यावरून परतवलेल्या स्त्रीची साक्ष यांचा एकत्र अर्थ लावता येणे, ही अशा पदवीची खरी परीक्षा होय.

दुसरी परीक्षा विद्यापीठाची आहे. शेतकऱ्यांच्या श्रमातून उभा राहणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. सामाजिक न्यायाच्या पदवीचे शुल्कच जर शेतमजुराच्या मुलीला दाराबाहेर ठेवणार असेल, तर ती केवळ अभ्यासाचा विषय होईल, अभ्यासक होणार नाही. विभागांमधील भिंती पाडताना विद्यापीठाच्या दाराचा उंबरठाही उतरवावा लागेल.