निविदा भरण्यापूर्वी



निविदा म्हणजे कमीत कमी दर लिहिण्याची चढाओढ, असा समज अजूनही रूढ आहे. वस्तुतः दोन लिफाफा पद्धतीत दराचा लिफाफा नंतर उघडतात. पहिल्यात पात्रतेचा एखादा आवश्यक दाखला नसला, तर दुसरा उघडलाच जात नाही. कित्येक दिवसांची आकडेमोड तशीच बंद राहते. म्हणून अटींचे बारकाईने वाचन हे पहिले कौशल्य. संदिग्ध अटीचा खुलासा निविदापूर्व बैठकीत लेखी मागावा.

केंद्र शासनाच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार, उत्पादन वा सेवा पुरविणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रकमेतून सूट आहे. त्यांचा दर नीचतम दराहून १५ टक्क्यांपर्यंत अधिक असला, तरी नीचतम दर स्वीकारून पुरवठ्याचा काही वाटा त्यांना मिळू शकतो. माहितीअभावी ही संधी गमावणे खेदाचे होय.

दर बसविताना वाहतूक, कर आणि देयक हाती पडेपर्यंतचे व्याज धरावेच. ते न धरता मिळविलेले काम अर्ध्यावर अडते, सुरक्षा अनामत जप्त होते आणि कामगारांचा पगार थकतो. ई-निविदा मात्र अखेरच्या तासावर ठेवू नये. डिजिटल स्वाक्षरीची मुदत संपल्याचे पुष्कळांना नेमके तेव्हाच कळते.