मोकळी जमीन आणि घाईचा सौदा



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाला जमिनीच्या व्यवहारावर बोलण्यास उभे केले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही वकील नव्हे आणि इमारती बांधणारेही नव्हे. आमची शाळा म्हणजे कारखान्याचे दार. परंतु या शहरात कामगाराच्या संसाराची गोष्ट निघाली की त्याच्या प्लॉटची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. गावाकडून चिकलठाण्याला किंवा वाळूजला कामाला आलेल्या माणसाच्या हाती चार पैसे शिल्लक पडले, की तो वीस बाय तीसचा एक तुकडा घेऊन ठेवतो. घर पुढे कधीतरी होईल. तोवर ती सहाशे चौरस फूट मोकळी जागा हीच त्याची बँक, हाच त्याचा विमा आणि हाच मुलीच्या लग्नाचा आधार. अशा मोकळ्या जागेला झटपट आणि पडेल भावाने मागणी घालायची व ती लगोलग तिसऱ्याला विकायची, असा जो धंदा आज चालतो, त्याविषयी आम्हाला दोन शब्द सांगायचे आहेत.

प्रथम धंद्याची रीत पाहू. आकडे समजुतीपुरते घ्या. एका प्लॉटची बाजारातली किंमत १२ लाख आहे. एजंट मालकाकडे जातो आणि ७ लाख सांगतो. २५ हजारांचा इसार आजच्या आज देतो म्हणतो, पण उत्तरही आजच मागतो. उद्या हा भाव राहणार नाही. मालक हो म्हणाला की इसारपावती होते, खरेदीखताला चार महिन्यांची मुदत पडते, आणि कागदात एक साधेसे वाक्य येते: खरेदीखत लिहून घेणार यांच्या अथवा ते सांगतील त्यांच्या नावे करून द्यावे. सगळी किल्ली त्या 'अथवा'मध्ये आहे. चार महिन्यांत एजंट ११ लाखांचे गिऱ्हाईक आणतो. मालकाला त्याचे ७ लाख पोचतात आणि मधले ४ लाख एजंटचे होतात. त्याने घातले होते २५ हजार. गिऱ्हाईक मिळालेच नाही, तर इसारावर पाणी सोडून तो मोकळा. मालकाची जागा मात्र चार महिने अडकून पडलेली.

आता कोणी विचारील, बारा लाखांची जागा सात लाखांना देणारा भोळा सांब मिळतो कोठे? त्याचे उत्तर असे की एजंट एकाकडे जात नाही, शंभरांकडे जातो. मागणी घालायला पैसे पडत नाहीत. ९७ जण त्याला दारातूनच वाटेला लावतात, आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. तिघे हो म्हणतात. त्या तिघांत त्याचे वर्ष निघते. हे तिघे शंभरांतले सर्वांत अडाणी असतात, असे समजू नका. ते सर्वांत अडलेले असतात. कोणाच्या घरी दवाखाना लागलेला असतो, कोणाची नोकरी गेलेली असते, कोणा विधवेला नवऱ्याचे कागद कोठे आहेत हेच ठाऊक नसते, कोठे भावाभावांचे बोलणे बंद असते. ही मागणी म्हणजे एक चाळण आहे. शंभर माणसे तिच्यावर घातली की अडलेली तेवढी खाली पडतात. भाव पडेल ठेवायचा तो याचसाठी, आणि मुदत एका दिवसाची ठेवायची तीही याचसाठी, की ज्याला थांबता येते तो आपोआप वगळला जावा. आमच्या मते या विषयाचे मर्म एवढेच आहे.

हे आम्हाला पुस्तकातून कळले नाही. आमच्या स्वतःच्या चुकीतून कळले. एका कारखान्यात टाळेबंदी होती. आमचा एक सभासद दुपारी कचेरीत आला. त्याचा प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीवाचून पाडलेले तुकडे, आणि व्यवहार बॉण्डपेपरवरचा. तो म्हणाला, "भाऊ, एवढा कागद बघता का? आजच सही मागतेत. घेऊ का नको?" आम्ही मागणीपत्राच्या बैठकीत होतो. आम्ही कागद उलटूनही पाहिला नाही. म्हणालो, "पोरीचे लग्न आहे ना? मिळतात तर घे." त्याने सही केली. चार महिन्यांनी तोच प्लॉट जवळजवळ दुप्पट किमतीला गेला. आणि मधला माणूस कोण, तर आमच्याच संघटनेतला जुना कार्यकर्ता. कोणाचा पगार किती महिने थकला, कोणाच्या घरी लग्न निघाले, हे त्याला आमच्या कचेरीतल्या बाकावर बसून कळले होते.

आम्ही त्याला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "मी जबरदस्ती केली का? त्याला पैसे पाहिजे होते, मी दिले. बॉण्डवरचा प्लॉट, उद्या पाडला असता तर?" त्या दिवशी आम्हाला उत्तर सुचले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

त्याच्या बोलण्यात तथ्य नाहीच, असे आम्ही म्हणत नाही. ज्या जागेवर वारसांचा दावा चालू आहे, अतिक्रमण आहे, ती घेणारा धोका पत्करतो. सगळी रक्कम आठ दिवसांत मोजणारा माणूस वर्षभर हप्ते देणाऱ्यापेक्षा कमी भाव मागेल, हेही रास्त आहे. स्वतःचे पैसे घालून, स्वतःच्या नावे खरेदीखत करून, धोका अंगावर घेऊन कोणी नफा कमावला, तर त्याला आम्ही लूट म्हणणार नाही. परंतु इसारावर जागा अडकवून ठेवणारा धोका घेतच नाही. धोका मालकाच्याच घरी राहतो. दुसरे असे की, पाडण्याची भीती घालणाऱ्या त्या गृहस्थाला एक गोष्ट माहीत होती, जी आमच्या सभासदाला माहीत नव्हती. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा महाराष्ट्रात २००१ साली झाला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याची वाट मोकळी झाली. त्याने पाडण्याची शक्यता सांगितली, नियमित होण्याची सांगितली नाही.

कायदा यावर काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे किंमत कमी आहे, एवढ्यावरून करार मोडत नाही. मात्र संमती मोकळ्या मनाने दिली होती की नाही हे ठरविताना न्यायालय त्या कमी किमतीचा विचार करू शकते. सतरावे कलम म्हणते की नुसते गप्प बसणे ही फसवणूक नव्हे, बोलण्याचे कर्तव्य असेल तर गोष्ट वेगळी. आणि असे एक कर्तव्य १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमात घेणाऱ्यावर घातलेले आहे. विकणाऱ्याच्या हक्काच्या स्वरूपाविषयी किंवा व्याप्तीविषयी, ज्याने त्या हक्काचे मोल बरेच वाढते असे काही घेणाऱ्याला ठाऊक असेल, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक नाही असे मानायला त्याला कारण असेल, तर उलट करार नसताना त्याने ते सांगितले पाहिजे. प्लॉट नियमित होऊ शकतो ही गोष्ट त्यात बसते की नाही, यावर वकील वाद घालतील. शेजारून रस्ता जाणार आहे ही गोष्ट बहुधा बसणार नाही. पण घेणाऱ्याला जे ठाऊक ते विकणाऱ्याच्या कानावर घालावे, हा विचार कायद्याला परका नाही, एवढे त्यातून दिसते.

मात्र सही झाल्यावर पाहून घेऊ, या भरवशावर कोणी राहू नये. नुसत्या साठेखताने मालकी जात नाही हे खरे. मुखत्यारपत्राच्या आडून झालेली विक्री म्हणजे मालकी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले, हेही खरे. परंतु करार पुरा करून द्या असा दावा घेणारा लावू शकतो, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर तसा हुकूम नाकारण्याची न्यायालयाची मोकळीक पुष्कळ आवळली गेली आहे. लढाई सहीच्या आधीची आहे.

हा प्रश्न आजचा नाही. वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली सुरू झाली. त्याच वर्षी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कारण अडलेल्या वेळी केलेल्या सहीने जमिनी गेल्या होत्या. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जाच्या कागदावर काय लिहिले एवढेच न पाहता त्याच्या मागचा सगळा व्यवहार उकलून पाहण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. सही आहे म्हणजे राजीखुशी आहे असे धरून चालता येत नाही, हे परकीय सरकारलाही मान्य करावे लागले.

आज आपल्या भोवती काय चालले आहे ते पाहा. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ऑरिक उभे राहत आहे. त्याचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तो या शहराजवळूनच गेला. मोठ्या मोटार कारखान्यासाठी जुलै २०२४ मध्ये करार झाला. अशी प्रत्येक बातमी आधी शहरातल्या ऑफिसात पोचते आणि मग बांधावर. मधल्या दिवसांत जो जमीन विकतो तो कालच्या भावाने विकतो. विकास होऊ नये असे आम्ही कधीही म्हणणार नाही. त्याच कारखान्यांत आमची मुले कामाला लागणार आहेत. बापाची जमीन मात्र बातमी पोचण्याआधी जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

तेव्हा करावे काय? चळवळीने आम्हाला एक गोष्ट शिकविली. मालकाने आजच सही करा म्हटले की आम्ही म्हणतो, सभासदांना विचारून सांगतो. ही सबब नसते, हेच आमचे बळ असते. प्लॉटवाल्यानेही हेच म्हणावे. आठ दिवस मागावेत. जो आठ दिवस द्यायला तयार नाही, त्याला तुमच्या जमिनीपेक्षा तुमच्या अडचणीत अधिक रस आहे असे समजावे. त्या आठ दिवसांत तीन कामे करावीत. वार्षिक बाजारमूल्य दरतक्ता पाहावा. तो मुद्रांकासाठी असतो, खरा भाव त्याच्या वर किंवा खाली असू शकतो, पण अंदाज येतो. शेजारच्या नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन पाहावी. सातबारा किंवा मिळकतपत्रिका घेऊन जाणत्या माणसाला दाखवावी. आणि 'ते सांगतील त्यांच्या नावे' हे शब्द कागदात असतील, तर ते खोडायला सांगावे किंवा त्याची वेगळी किंमत मागावी.

पैशाची नड खरीच असेल तर पतपेढी आहे, भविष्य निर्वाह निधीतून लग्नासाठी, आजारासाठी मिळणारी उचल आहे. दोन लाखांच्या नडीसाठी बारा लाखांची जागा मोडू नये. आमच्या कचेरीत आता असे कागद पाहण्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ ठेवली आहे. ती आम्ही दहा वर्षे आधी ठेवायला हवी होती.

शेवटी एक विनंती, आणि ती विकणाऱ्यांना नाही. आमच्या हिशेबातले ते ११ लाखांचे गिऱ्हाईक कोठल्या अंधाऱ्या जागी राहत नाही. ते आपल्यासारखे सुशिक्षित, नोकरदार, व्याख्यानांना येणारे असते. त्याच्यावाचून हा धंदा एक दिवस चालणार नाही. आपण प्लॉट घ्याल तेव्हा मधल्या माणसाशी बोलून थांबू नका. मूळ मालकाला गाठा, समोर बसवा, आणि तुला किती मिळाले एवढे विचारा. हक्क निर्वेध आहे की नाही, याचाही त्याने उलगडा होईल.

आमच्या त्या सभासदाने आम्हाला कधी दोष दिला नाही. तो अजून भाड्याच्या खोलीत राहतो. एकदा एवढेच म्हणाला, "भाऊ, घाई माझी होती, त्याची नव्हती." त्या दुपारी आम्ही बैठकीतून दहा मिनिटे उठलो असतो, तर ती घाई त्याची एकट्याची राहिली नसती.