परदेशी संशोधनसाहाय्य आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कोल्हापूर येथे केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी आम्हांस एका व्यवहारी विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या आपल्या मुलामुलींस परदेशातून द्रव्यसाहाय्य मिळू शकते. ते कसे मागावे, हा तो विषय होय. हे पुण्यामुंबईच्या लोकांचे काम, अशी आपल्यांपैकी पुष्कळांची समजूत आहे. या समजुतीपायी आपल्या घरांतील होतकरू माणसे अर्जच करीत नाहीत, आणि पीएच.डी. पदरात पडल्यावरही तासिका तत्त्वावरच्या अध्यापनात उमेदीची वर्षे घालवितात. ही हानी त्या घराची तशीच ज्ञातीचीही आहे.

वस्तुतः ही वाट कोल्हापुरास नवी नाही. गोपाळराव जोशी यांनी पत्नी आनंदीबाई यांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेतील मिशनरी रॉयल वाइल्डर यांस पत्र लिहिले. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात राहिलेले गृहस्थ होते. धर्मांतराची त्यांची अट जोशी दांपत्यास मान्य झाली नाही; परंतु त्यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. तो न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला व त्यांनी आपण होऊन साहाय्य देऊ केले. आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथे पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.

या कथेतून अर्जदाराने दोन गोष्टी घ्याव्यात. एका ठिकाणी काम न साधले तरी पत्रव्यवहार थांबवू नये, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची. महाविद्यालयाकडे प्रवेश मागताना आनंदीबाईंनी आपल्या देशभगिनी पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, हे स्पष्ट लिहिले होते. हे काम का व्हावयास हवे आणि ते मीच का करावे, या प्रश्नाचे सरळ उत्तर आजही प्रत्येक अर्जात प्रथम पाहिले जाते.

आता प्रत्यक्ष साहाय्याकडे वळू. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात संशोधक स्वतः परदेशी जातो. भारत व अमेरिका यांच्यातील १९५० सालच्या करारातून निघालेली व आज फुलब्राइट-नेहरू या नावाने चालणारी शिष्यवृत्ती या प्रकारची होय. येथील विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदविलेल्या विद्यार्थ्यास तिच्या एका योजनेतून सहा ते नऊ महिने अमेरिकेत काम करता येते. जर्मनीची हुम्बोल्ट प्रतिष्ठान ही संस्था पीएच.डी. झालेल्यांस साहाय्य देते. युरोपीय संघाची मारी स्क्वोदोव्स्का-क्यूरी शिष्यवृत्ती तर कोणत्याही देशाच्या नागरिकास खुली आहे. मात्र ज्या देशात जावयाचे, तेथे अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वीच्या छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे, असा तिचा नियम आहे. या शिष्यवृत्त्यांच्या अर्जास शुल्क पडत नाही. म्हणून शिष्यवृत्तीच्या नावाने कोणी आगाऊ पैसे मागितल्यास तो फसवणुकीचा प्रकार समजावा.

दुसऱ्या प्रकारात पैसा येथील प्रकल्पासाठी येतो. १९८७ साली स्थापन झालेल्या भारत-फ्रान्स संशोधन केंद्राकडे दोन्ही देशांतील शास्त्रज्ञांनी मिळून प्रस्ताव पाठवावयाचा असतो. अशा कामी सही संस्थेची लागते, व परदेशी द्रव्यास २०१० सालचा विदेशी अंशदान कायदा आहे; यास्तव विद्यापीठाच्या वित्त विभागास अर्जापूर्वीच विचारून घ्यावे. प्रकल्प आरोग्यविषयक असल्यास सरकारी छाननी समितीची मान्यता लागते. आपल्या सह्याद्रीतील वनस्पती वा जीवजंतूंचे नमुने परदेशी धाडावयाचे असल्यास २००२ सालचा जैवविविधता कायदा पाहावा लागतो. या परवानग्यांस महिनेच्या महिने लागतात, आणि अर्जाची तारीख कोणासाठी थांबत नाही.

पहिल्या प्रकारच्या अर्जाचा पाया म्हणजे परदेशातील मार्गदर्शकाची संमती. ती मिळविण्यास वशिला लागत नाही. शिवाजी विद्यापीठात पदार्थांच्या पातळ थरांवर काम करून पीएच.डी. झालेले कित्येक तरुण दक्षिण कोरियातील विद्यापीठांत गेले. त्यामागे प्राध्यापकांचा परस्पर परिचय व प्रसिद्ध झालेले निबंध हेच बळ होते. पत्र एक पानाचे असावे. ज्यांस लिहावयाचे त्यांचे निदान दोन निबंध वाचलेले असावेत, आणि आपण काय करू शकतो ते नेमके सांगावे. एकच मजकूर पन्नास जणांस धाडणे व्यर्थ होय. वाचणाऱ्यास ते तत्काळ कळते.

संमती मिळाल्यावर प्रस्ताव लिहावा. त्यात प्रश्न एकच असावा. तो सोडविण्याची रीत, महिनेवार कामाचा क्रम, खर्चाचा खरा अंदाज आणि हे काम त्याच प्रयोगशाळेत का, एवढे आले पाहिजे. परीक्षकांपैकी सर्वच त्या विषयाचे जाणकार नसतात. म्हणून पहिले पान घरातील शिकलेल्या माणसास वाचावयास द्यावे. त्यास अर्थ लागला नाही तर ते पुन्हा लिहावे. शिफारसपत्र देणाऱ्या गुरुजनांस सहा आठवडे आधी सांगावे. तयारीस आरंभ केल्यापासून प्रत्यक्ष प्रयाणापर्यंत दीड वर्ष धरून चालावे. पहिल्या वर्षी नकार आल्यास परीक्षकांचे अभिप्राय मिळत असतील ते घेऊन दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

येथे पालकांस आमची एक विनंती आहे. पीएच.डी. होताच मुलास नोकरीची व मुलीस लग्नाची घाई केली जाते, आणि हे दीड वर्ष नेमके त्याच घाईत बुडते. मुलीच्या बाबतीत तर निवड झाल्यावरही "एकटी कशी जाणार" हा प्रश्न निघतो. १८८३ साली बोटीने पतीवाचून गेलेली आनंदीबाई अठरा वर्षांची होती, हे अशा वेळी आठवावे.

मंडळानेही आपला वाटा उचलावा. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ सालापासून या नगरीत निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे उभी करविली, ती मुलांची राहण्याजेवणाची अडचण शिक्षणाच्या आड येऊ नये म्हणून. आजची अडचण वेगळी आहे. पासपोर्ट, भाषेची परीक्षा, मुलाखतीसाठी मुंबईचा प्रवास हा खर्च शिष्यवृत्तीच्या आधी करावा लागतो. त्यासाठी बिनव्याजी परतफेडीचा एक लहान निधी मंडळाने काढावा. परदेशी असलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांची यादी करून, अर्जाचा मसुदा वाचून देण्यास कोण तयार आहेत, ते त्यांस विचारावे. आणि या निधीस व या मदतीस ज्ञातीची अट घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गरजू विद्यार्थी शेजारच्या घरातला असला तरी तो आपलाच होय.

पुढील संमेलनात अशा अर्जदारांची नावे, यश आलेले व न आलेले दोन्ही, या व्यासपीठावरून वाचली जावीत, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.